शेवटच्या स्टॉपच्या पुढे

तो आयुष्यभर बसून दमला आणि मी उभा राहून. म्हणून नोकरी संपल्यावर मला हवी होती खुर्ची आणि त्याला हवा होता रस्ता. आमची सगळी भांडणं इथूनच निघतात.

आम्ही दोघं कायम एकाच ड्युटीवर. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. एरवी माणसाचा चेहरा आधी ओळखीचा होतो, मला त्याची मान आधी पाठ झाली. मान ताठ असली की स्वारी खुशीत. खांद्यात गेली असली की घरी वहिनींशी वाजलेलं. आणि बाकीच्या वेळी ती आपली इकडून तिकडे, तिकडून इकडे. डेपोत त्याला भोवरा म्हणायचे. चहा उभ्याने प्यायचा, तोही फेऱ्या मारत. त्याच्याशी बोलायचं तर आपणही चालायला लागायचं, नाहीतर अर्धं वाक्य आपल्यापाशी आणि अर्धं कॅन्टीनच्या दुसऱ्या टोकाला.

हा माणूस दगडासारखा बसायचा तो फक्त मी बेल देईपर्यंत. आमच्या वेळच्या प्रत्येक बसमध्ये छताखालून दोरी गेलेली होती आणि तिच्या टोकाला, ड्रायव्हरच्या कानाशी, घंटी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. पुढच्या स्टॉपवर चढणारं-उतरणारं कोणी नसलं तर मी लांबूनच दोन द्यायचो आणि तो न थांबता सरळ निघायचा. नवीन नोकरीत, मी त्याच्या गाडीवर यायच्या आधी, त्याने एकदा बेलची वाट न बघता गाडी काढली होती. एका बाईचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. जिवावरचं मनगटावर निभावलं तिचं, पण याने जो धसका घेतला तो कायमचा. मागे हॉर्नांचा गोंधळ होवो, समोर सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होवो, डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी तसूभर हलायची नाही. मी कधी सुट्ट्या पैशांच्या भानगडीत अडकलो की तो मागे वळूनही बघायचा नाही. नुसता थांबून राहायचा.

आमचा मार्ग डेपोपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकीला वळसा घालायचा आणि परत. टाकीच्या मागे एक रस्ता जाताना दिसायचा, चढावर जाऊन दिसेनासा व्हायचा. तिथे वळताना त्याची मान प्रत्येक वेळी त्या रस्त्याकडे जायची. "मास्तर, पुढे काय असेल रे?" कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात. मी म्हणायचो, "पुढे रिकामी सीट असेल माझ्यासाठी. वळव."

निवृत्त झाल्यावर पहिल्याच रविवारी तो चालत तिथे जाऊन आला. चढापलीकडे एका बंद कारखान्याची भिंत होती, आणि भिंतीपाशी राडारोड्याचा ढीग. रस्ता तिथेच संपत होता. माझ्या गॅलरीत येऊन तो मला म्हणाला, "हा काय रस्ता झाला? याला लाज वाटायला पाहिजे." मी खुर्चीतून उठलो नाही.

मग घरात त्याने उच्छाद मांडला. कपाटं या खोलीतून त्या खोलीत. पंखा उतरवून पुसायचा आणि पुन्हा चढवायचा. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठेतरी लांब सोडून या. पत्ता विसरतील इतकं लांब." त्याच सुमाराला त्याने मोटरसायकल घेतली. वापरलेली, जड, गडद हिरव्या रंगाची. डेपो रोज सकाळी वेगळी बस हातात ठेवायचा. एखादीचा क्लच सैल, एखादीचा ब्रेक उशिरा लागणारा. संध्याकाळी किल्ली बोर्डावर लटकवायची की संबंध संपला. ही पहिली गाडी अशी होती की जी काल संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या हाताखाली नव्हती. तिला तो रोज पुसायचा आणि वहिनी रोज बोलायच्या. दोघांनाही काम मिळालं.

पुढचं सगळं डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठरलं. वाट बघायच्या खोलीत भिंतीवर एक फोटो होता. समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता, आणि जमीन संपते तिथे एक दीपगृह. रस्ता दीपगृहाच्या दारात जाऊन संपलेला. खाली कुठल्यातरी लांबच्या देशाचं नाव. डॉक्टर स्वतः तिथे जाऊन आले होते. तो अर्थातच बसला नव्हता, फोटोपुढे येरझाऱ्या घालत होता. आत गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, उजवा औषधाने जपू. गाडी चालवायच्या परवान्याच्या कागदावर यंदा सही करतो, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका.

बाहेर येऊन तो फोटोपुढे थांबला. "मास्तर, हा रस्ता बघ. याला मधेच कोणी वळवलेलं नाही. संपतो तिथे आपणहून संपतो." मला त्या वेळी त्याच्याकडे बघवलं नाही. मी फोटोकडेच बघत राहिलो.

तिथे जाऊन भाड्याने गाडी घ्यावी असं सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी, प्रवासी कंपनीवाल्याने, मी तर रोज सांगितलं. तो म्हणाला, "चाळीस वर्षं भाड्याच्याच गाड्या चालवल्या की. शेवटची तरी माझी असू दे." म्हणजे मोटरसायकल जहाजाने पाठवायची, आपण विमानाने जायचं, ती बंदरावर उतरली की तिच्यावर बसून दीपगृहापर्यंत जायचं, आणि ठरलेल्या परतीच्या जहाजावर तिला चढवून घरी यायचं. असा सगळा घाट.

वहिनींनी एकच अट घातली. "भाऊजी मागे बसणार असतील तरच. डावीकडचं दिसत नाही तुम्हाला, ते बघतील." झालं. मला कोणी विचारलंही नाही. माझी बायको म्हणाली, "जा एकदाचे. खुर्चीचा आकार यायला लागलाय तुम्हाला."

तालीम म्हणून आम्ही घराजवळच एक फेरी मारायचं ठरवलं. मी मागे बसलो. इंजिन चालू, पण गाडी हलेना.

"काय झालं?"

"बेल दे की."

"इथे दोरी कुठाय?"

"पाठ आहे ना."

मी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. गाडी निघाली. त्या फेरीत मी "डावीकडून सायकल", "डावीकडे खड्डा", "डावीकडे बाई आणि तिचं कुत्रं" असं ओरडत होतो, आणि दुकानाच्या पायऱ्यांवरची माणसं आमच्याकडे बघून हसत होती.

गाडी बांधून द्यायचं काम शहराबाहेरच्या एका पेटीवाल्याचं. मोठी शेड, लाकडाचा भुसा, यंत्रं आणि स्कूटर ठेवायला केलेल्या पेट्या. त्याने सांगितलं, त्या देशात दुसरीकडची माती चालत नाही. चाकाच्या खाचेत चिमूटभर सापडली तरी गाडी अडकते. झालं, आमच्या गड्याने दात घासायचा ब्रश घेतला आणि टायरची एकेक खाच घासत बसला. पेट्रोल काढलं, बॅटरीची वायर सोडवली, गाडी पट्ट्यांनी आवळली, चारी बाजूंनी फळ्या उभ्या राहिल्या. वरची फळी ठोकताना तो बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा पेटीवाला कागदांवर शिक्के मारत होता. मी म्हटलं, सगळं झालं ना, चला. तोही म्हणाला, झालं, चला. मान ताठ होती. मला हायसं वाटलं.

विमानात तो बसला असेल तेवढाच. त्या लांबच्या बंदरावर, गाडी सोडवून द्यायला ठरवलेल्या एजंटबाई आम्हाला कस्टमच्या गोदामात घेऊन गेल्या. पेटी आली. फळ्या निघाल्या. हिरवी गाडी जशीच्या तशी. त्याने पेट्रोलच्या टाकीवरून हात फिरवला. तिथल्या अधिकाऱ्याने भिंगातून टायर बघितले आणि मान डोलावली, मग सीटवर बोट ठेवलं. सीटखालचा कप्पा उघडून दाखवा. किल्ली?

त्याने खिसे चाचपले. पँटचे, शर्टाचे, जाकिटाचे. माझेही चाचपले. मग एकदम थांबला. असा थांबलेला मी त्याला फक्त बसच्या सीटवर पाहिला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "जमा केली."

"काय जमा केली?"

"किल्ली. त्या शेडमध्ये बोर्ड होता. खुंट्यांचा."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं आलं. पेटीवाल्याच्या भिंतीवर किल्ल्यांचा बोर्ड होता, डेपोतल्यासारखाच. गाडी जागेवर लागली, काम संपलं, आणि याचा हात आपोआप बोर्डाकडे गेला. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी गेला तसाच. जित्याची खोड, दुसरं काय. वहिनींना फोन लावला. त्या शेडवर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगदी सरळ रांगेत लटकली आहे. शेजारच्या किल्ल्याही नीट लावून ठेवल्यात तुम्ही. ड्युटी संपवून आलात वाटतं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा गावात राहिला आणि वळसा समुद्रापलीकडे पडला होता.

कुलूप तोडायचं म्हटलं तर वेगळी परवानगी, आणि ती मिळायला किल्ली यायला लागेल त्याहून जास्त वेळ. वहिनींनी किल्ली कुरियरने पाठवली. तोपर्यंत आम्ही बंदराजवळच्या एका खोलीत. दोन खाटा, एक टेबल, खिडकीबाहेर एक बसस्टॉप.

ते दिवस मी जन्मात विसरणार नाही. तो खोलीत फिरायचा, खोली पुरत नसे म्हणून जिन्यात फिरायचा, मग रस्त्यावर. मी झोपलो तर मला उठवून विचारायचा, "किल्ली कुठवर आली असेल?" मी म्हणायचो, "तुझ्यासारखीच फेऱ्या मारत असेल." खिडकीतून तो तिथल्या बसड्रायव्हरांना नावं ठेवायचा. हा लवकर ब्रेक दाबतो. याने वळण रुंद घेतलं. एका दुपारी मला ओढून एका बसमध्ये घेऊन गेला, ड्रायव्हरच्या मागे उभा राहिला आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेला. तिथे एक दगडी चौथरा होता. बसने त्याला वळसा घातला आणि परत निघाली.

"इथेही टाकीच," तो म्हणाला.

एजंटबाई रोज समजावायच्या. खाली दुकानात छान छान गाड्या आहेत, भाड्याने घ्या, दीपगृह बघून या, तुमची गाडी परस्पर परत पाठवते. मीही एकदा चिडून म्हणालो, "अरे, डोळा तुझा जाणार आहे, गाडीचा नाही. दीपगृह बघायचंय का गाडी मिरवायचीय?"

त्याने खिडकीकडे तोंड केलं. "दोन्ही," म्हणाला. "पुढच्या वर्षी दोन्ही नसणार."

त्यानंतर मी भाड्याचं नाव काढलं नाही. मला माझीच लाज वाटली आणि त्याचा रागही आला. दोन्ही एकदम येतं कधी कधी.

किल्ली आली. कप्पा उघडला, आत एक फडकं आणि पाना. अधिकाऱ्याने हसून आम्हाला जायला सांगितलं. पण मधले दिवस गेले ते गेलेच. परतीचं जहाज ठरलेलं, गाडी त्या देशात ठेवायचा परवानाही त्याच तारखेपर्यंतचा. त्याने नकाशावर बोट ठेवून हिशोब केला. वेळापत्रकाचा माणूस. नोकरीत गाडी कधी उशिरा सोडली नाही याचा त्याला कपाटं हलवण्यापेक्षाही जास्त अभिमान.

"जमेल," तो म्हणाला. "कुठे थांबलो नाही तर जमेल."

आणि थांबत तर सगळीकडे होता. बसस्टॉप दिसला की याची गाडी आपोआप हळू. मी दोन थापा मारल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. एका गावात स्टॉपवरच्या म्हाताऱ्या बाईने आम्हाला हळू होताना बघून पिशवी उचलली, आणि आम्ही निघून गेलो तेव्हा ती आमच्या नावाने काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, अर्थ कळला. एक दिवस पाऊस, एक दिवस पंक्चर. माझी कंबर तर कामातून गेली होती. घरची खुर्ची डोळ्यांसमोर यायची आणि मी "डावीकडून ट्रक" ओरडायचो. तो मात्र खुशीत. मान सारखी फिरत होती. डोंगर बघ, मास्तर. पूल बघ. अरे, या लोकांनी रस्त्याला पांढरी रेघ किती सरळ मारलीय.

मग एका सकाळी त्याने नकाशा पुन्हा काढला. चहाचा कप हातात, आणि बसलेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"नाही जमायचं," तो म्हणाला. "पुढे एक फाटा आहे. एक रस्ता दीपगृहाला जातो, एक बंदराकडे परत. दीपगृह करून आलो तर जहाज चुकतं. फाट्यावरून वळायचं."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जहाज चुकलं की परवाना संपला, परवाना संपला की दंड, विमानाची तिकिटं वाया, आणि गाडी कोणाच्या गोदामात किती दिवस पडून राहील कोणास ठाऊक. कदाचित कायमची. वहिनी दारात उभ्या असतील. मनातून मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? घर जवळ आलं होतं.

फाट्यापर्यंतचा रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना गवत, वारा, दुसरी गाडी नाही. मी मागे बसून त्याची मान बघत होतो, आणि ती हलत नव्हती. डोंगर आले, एक लांबलचक मेंढ्यांचा कळप आला, पण मान समोर. इतक्या वर्षांत रस्त्यावर असताना ती कधी अशी पाहिली नव्हती. एखाद्या माणसाने पाठीमागून दार लावून घ्यावं तशी.

फाट्यावरची पाटी लांबून दिसली. एका बाजूला जहाजाचं चित्र, एका बाजूला दीपगृहाचं. शेजारी एक रिकामा बसस्टॉप. गाडी हळू झाली. त्याचा पाय खाली टेकायच्या बेतात आला. मला माहीत होतं, एक थाप मारली की तो थांबेल, काही न बोलता गाडी वळवेल, आणि पुन्हा कधी दीपगृहाचं नाव काढणार नाही. वळायची सवयच होती त्याला. टाकीला काय कमी वळसे घातले होते?

मी हात उचलला. स्टॉपवर कोणी नव्हतं. चढणारं नाही, उतरणारं नाही.

मी दोन मारल्या.

गाडी तशीच रेंगाळत राहिली. "मास्तर, चुकून दोन दिल्यास."

"चुकून द्यायला मी काय काल लागलोय नोकरीला?"

"जहाज जाईल."

"जाऊ दे."

"गाडी राहील इथे."

"राहू दे. तुझीच आहे, तू येऊन राहशील तिच्याजवळ. डबल दिलीय ना? चल मग. आणि वहिनींशी मी बोलेन."

गाडीने वेग घेतला आणि दीपगृहाच्या बाजूला लागली. थोड्या वेळाने त्याची मान हलली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला एकदम रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

रस्ता चढाला लागला, मग उतरला. डाव्या अंगाने खारा वारा यायला लागला.

"डावीकडून काय येतंय?" त्याने ओरडून विचारलं.

"काही नाही. समुद्र आहे."

"अगदी जवळ?"

"अगदी रस्त्याला लागून."

त्याने मान वळवायला घेतली. मी त्याच्या खांद्यावर हात दाबला.

"समोर बघ. येताना तो उजवीकडे असेल. तेव्हा पोटभर बघ."

परत वळण्याची गोष्ट निघाली, आणि या वेळी त्याने "पुढे काय असेल रे?" असं विचारलं नाही.